परदेशात कार्डानं रेल्वेचं तिकीट: ‘नाही’ नेमकं कोण म्हणतंय?

मी एकोणीस वर्षं बँकेच्या कार्ड विभागात काढली. ‘माझं कार्ड का चाललं नाही?’ या एका प्रश्नाला फोनवर उत्तरं देण्यात निम्मी नोकरी गेली. म्हणून युरोपातल्या एका बिनमाणसाच्या स्टेशनवर, गाडी यायला सहा मिनिटं उरलेली असताना, मशीननं माझंच कार्ड नाकारलं तेव्हा नवऱ्याला हसू आवरेना.

फलाटावर आम्ही तिघंच होतो. मी, नवरा आणि माझी थोरली नणंद. तिकीट खिडकी नव्हतीच, छपराखाली एकुलतं एक मशीन. मी कार्ड टेकवलं, लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मग खाचेत घातलं. मशीननं पिन मागितला आणि घाईत मी डेबिट कार्डाचा पिन दाबला. चुकला. दुसऱ्यांदाही तोच दाबला, कारण माणूस गडबडला की बोटं सवयीच्याच आकड्यांवर जातात. तिसऱ्यांदा बोट पुढे केलं तेव्हा वन्संनी माझं मनगट धरलं. “अगं थांब, तिसऱ्यांदा चुकलीस तर कार्ड बंद पडेल ना? तूच सांगतेस की सगळ्यांना.” त्यांनी आपलं कार्ड खाचेत घातलं, चार आकडे दाबले आणि तीन तिकिटं खालच्या कप्प्यात पडली.

गाडीत बसल्यावर फोनला रेंज आली आणि बँकेचे मेसेज आले. टेकवून पैसे देण्याची सोय माझ्या कार्डावर बंद होती. निघण्याआधी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराची कळ मी आठवणीनं सुरू केली होती, पण टेकवण्याची कळ वेगळी असते आणि ती तशीच राहिली होती. म्हणजे दोष ना मशीनचा, ना बँकेचा.

तेव्हापासून कुणी प्रवासाला निघालं की मी पहिल्यांदा हेच सांगते: कार्ड अडलं तर चिडण्याआधी ‘नाही’ कोण म्हणालं ते बघा. तिकिटाच्या पैशांच्या वाटेवर चार जण बसलेले असतात. समोरचं मशीन किंवा वेबसाइट, रेल्वेचे पैसे गोळा करणारी बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क, आणि शेवटी तुमची बँक. चौघांपैकी कुणीही मान हलवली तरी पडद्यावर येणारं वाक्य बहुधा एकच असतं. इलाज मात्र प्रत्येकाचा वेगळा.

ओळखायचं कसं? घड्याळावरून. कार्ड घातल्या घातल्या, पिनही न विचारता बाहेर आलं तर बहुतेक वेळा मशीनला त्या जातीचं कार्डच कळत नाही. तिथे दहा वेळा घालून काही होणार नाही. दुसरं मशीन शोधा, नाहीतर खिडकी. पण पिन घेतला, पडद्यावर काहीतरी गोल फिरत राहिलं आणि पाच-सात सेकंदांनी नकार आला, तर प्रश्न तुमच्या बँकेपर्यंत जाऊन आलाय असं समजा. फोन बघा, कारण मेसेजमध्ये बऱ्याचदा कारण असतं: मर्यादा संपली, सोय बंद आहे, व्यवहार संशयास्पद वाटला. वेबसाइटवरही हीच रीत. ओटीपीचं पान उघडण्याआधीच फॉर्म लाल झाला तर अडवणारी वेबसाइट, आणि ओटीपी दिल्यावर अडलं तर बहुधा बँक.

एकाच कार्डानं भराभर चार-पाच प्रयत्न करणं हा सगळ्यात वाईट उपाय. बँकेच्या यंत्रणेला ते चोरीच्या कार्डासारखं दिसतं. दोन प्रयत्न झाले की थांबायचं आणि कार्ड बदलायचं.

घर सोडण्याआधी

ॲपमधल्या कळा एकेक करून बघा. आंतरराष्ट्रीय व्यवहार, दुकानातली मशीनं, ऑनलाइन, एटीएम, टेकवून पैसे देणं. बऱ्याच बँकांमध्ये या सगळ्या सुट्या असतात आणि प्रत्येकीची मर्यादाही वेगळी असते. परदेशातली लांब पल्ल्याची तिकिटं महाग असतात, तिघाचौघांची एकदम काढली की मर्यादा सहज ओलांडली जाते.

क्रेडिट कार्डाचा पिन पाठ हवा. घरी कधी लागत नाही म्हणून पुष्कळांनी तो बनवलेलाच नसतो. खिडकीवरचा माणूस एखाद्या वेळी सही घेऊन भागवेल, पण मशीन सही कुठून घेणार? युरोपीय संघाच्या नियमांत वाहतुकीच्या आणि पार्किंगच्या बिनमाणसाच्या मशीनना पिनशिवाय पैसे घेण्याची सूट आहे. तरी कितीतरी मशीनं पिन मागतातच. निघण्याच्या आठवड्यात एखाद्या दुकानात कार्ड मुद्दाम खाचेत घालून, पिन दाबून एकदा बिल भरा. पिन बरोबर आहे आणि चिप धड आहे, दोन्ही कळतं.

कार्डं दोन घ्या, दोन वेगळ्या बँकांची आणि जमलं तर दोन वेगळ्या नेटवर्कची. एकाच बँकेची दोन कार्डं म्हणजे एकाच दाराच्या दोन किल्ल्या. बँकेची यंत्रणा रात्री देखभालीसाठी बंद असली की दोन्ही निकामी, आणि घरची रात्र म्हणजे तिथला भर दिवस असू शकतो. दोन्ही कार्डं एका पाकिटात ठेवू नका. मोठ्या स्टेशनांवर मशीनशी ‘मदत’ करायला आपणहून येणाऱ्या माणसांपासून लांब राहा. पिन दाबताना ते बघतात आणि पुढच्या गर्दीत पाकीट जातं.

ओटीपीचं आधीच ठरवा. तिथलं सिम घालून घरचं सिम काढून ठेवलं की ओटीपी येणार कुठे? दोन सिमचा फोन असेल तर घरचं सिम आत राहू द्या, त्याचं इंटरनेट बंद ठेवा, फक्त मेसेज येऊ देत. बँकेच्या ॲपमधूनच होकार द्यायची सोय असेल तर ती घरूनच चालू करून घ्या, कारण ती चालू करायलाही ओटीपीच लागतो.

मशीन ओळख देत नाही तेव्हा

मशीनवर कार्डाचं चित्र आहे म्हणजे तुमचं कार्ड चालेल असं नाही. अनेक देशांत फक्त त्या देशापुरती चालणारी कार्डं असतात. जर्मनीत गिरोकार्ड, बेल्जियममध्ये बॅनकॉन्टॅक्ट, डेन्मार्कमध्ये डॅनकोर्ट. जर्मनीत लोक अजूनही गिरोकार्डाला जुन्या सवयीनं ‘ईसी कार्ड’ म्हणतात. मशीनवर किंवा काउंटरवर नुसतं ‘ईसी’ लिहिलेलं दिसलं तर ते तुमच्यासाठी नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून कार्डाच्या चित्राऐवजी नेटवर्कची खूण शोधा. टेकवायचं असेल तर एकात एक असलेल्या चार कमानींची खूण हवी, आणि ती मशीनवरही हवी, तुमच्या कार्डावरही.

टेकवण्याला रकमेची मर्यादा असते हेही लक्षात असू द्या. ब्रिटनमध्ये ती ऑक्टोबर २०२१ मध्ये १०० पौंडांवर गेली, युरोच्या देशांत साधारण ५० युरो धरून चाला. त्याहून मोठ्या रकमेला मशीन नाही म्हणालं तर तो नकार नसतो, ‘खाचेत घाल’ एवढंच त्याचं म्हणणं असतं. फोनमधल्या वॉलेटला सहसा ही अडचण येत नाही, कारण फोन तुमचं बोट किंवा चेहरा आधीच तपासून घेतो.

जपानची तऱ्हा निराळी. लांबच्या गाड्यांची तिकिटं मशीनवर कार्डानं निघतात, पिन मागतात. पण शहरातल्या रोजच्या गाड्यांसाठी सुइका किंवा पास्मो कार्ड वापरतात आणि त्या प्लास्टिकच्या कार्डात पैसे भरायला बहुतेक मशीनना नोटाच लागतात. सुइका २००१ मध्ये आलं, स्टेशनच्या दारावर झटक्यात चालतं, पण भरण्यासाठी खिशात येन हवेत. आयफोनमध्ये सुइका घेऊन त्यात परदेशी कार्डानं पैसे भरता येतात. तिथे एखादं व्हिसा कार्ड अडलं तर मास्टरकार्ड लावून बघा.

दाराला कार्ड टेकवून आत जाणं

मला सगळ्यात आवडणारा प्रकार हा, आणि सगळ्यात जास्त गोंधळही यातच होतो. तिकीटच काढायचं नाही. आपलंच बँकेचं कार्ड आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं, भाडं त्यांनी मोजायचं. लंडनच्या भुयारी रेल्वेत हे सप्टेंबर २०१४ पासून आहे. न्यूयॉर्कमध्ये ओम्नी नावानं २०१९ मध्ये सुरू झालं, तिथे मात्र फक्त आत जातानाच टेकवायचं. नेदरलँड्समध्ये २०२३ पासून ओव्हीपे या नावानं देशभरच्या रेल्वे, ट्राम आणि बसमध्ये चालतं. सिंगापूरमध्येही चालतं, पण परदेशी कार्ड वापरलं तर ज्या ज्या दिवशी वापराल त्या प्रत्येक दिवसाचे ६० सेंट वरखर्च म्हणून लागतात. बऱ्याच दिवसांचा मुक्काम असेल तर आधी पैसे भरून ठेवायचं तिथलं कार्ड घेतलेलं बरं.

हे दार उघडतं कसं ते कळलं की निम्मे घोटाळे टळतात. लंडनमध्ये मागे रांग लागलेली असते, म्हणून दाराला अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यावा लागतो. तेवढ्यात तुमच्या बँकेला विचारून उत्तर आणणं शक्य नसतं. दार एवढंच बघतं की कार्ड खरं आहे का आणि आपल्या नकारयादीत आहे का. नसेल तर आत सोडतं. पैशांचा हिशोब मागाहून, दिवसभराचा एकत्र करून, बँकेकडे जातो. म्हणून इथे ओटीपी येत नाही, पिन लागत नाही, आणि खात्यातून पैसे दुसऱ्या दिवशी गेलेले दिसतात.

यातूनच तो चमत्कारिक प्रसंग उभा राहतो. कार्ड दिवसभर छान चालतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतच नाही. लोक म्हणतात मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं. आदल्या दिवसाचे पैसे मागायला गेल्यावर तुमच्या बँकेनं नकार दिलेला असतो आणि कार्ड नकारयादीत गेलेलं असतं. आधी बँकेची अडचण सोडवा, मग त्या वाहतूक संस्थेच्या वेबसाइटवर किंवा मदतकेंद्रावर थकलेली रक्कम भरा. तोवर दुसरं कार्ड.

दुसरा घोटाळा आमच्याच घरात झालेला. नवऱ्यानं आत जाताना फोन टेकवला आणि बाहेर पडताना फोन पिशवीत म्हणून खिशातलं कार्ड. त्याचं म्हणणं, कार्ड तेच, खातं तेच, बिघडलं कुठे? बिघडलं असं की फोनमधलं वॉलेट दाराला तुमच्या कार्डाचा खरा नंबर सांगतच नाही, त्याच्याऐवजी एक बदली नंबर देतं. दारासाठी ती दोन वेगळी माणसं झाली. एकजण आत शिरला आणि बाहेर आलाच नाही, दुसरा आत न शिरताच बाहेर आला. दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लागलं. घड्याळ, फोन आणि प्लास्टिक ही तीन स्वतंत्र कार्डंच समजा. ज्यानं आत, त्यानंच बाहेर. लंडनमध्ये दिवसाची आणि सोमवार ते रविवार अशी आठवड्याची कमाल मर्यादा असते, त्यापुढे कितीही फिरलं तरी भाडं वाढत नाही. कार्ड आणि फोन आलटून पालटून वापरलेत तर ही मर्यादाही हातची जाते.

माणशी एक कार्ड हेही आलंच. एका कार्डावर दोघं जाऊ म्हटलं तर लंडनमध्ये जमत नाही, नेदरलँड्समध्येही नाही. आणि पाकीट जसंच्या तसं दाराला लावू नका. आत दोन कार्डं असली तर कुठलं वाचलं जाईल याचा भरवसा नाही.

नेदरलँड्समध्ये एक खोच आहे. एकाच स्टेशनातून वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या सुटतात आणि प्रत्येक कंपनीचे टेकवायचे खांब वेगळे असतात. कंपनी बदलली की जुन्या कंपनीच्या खांबावर बाहेर पडल्याची नोंद करायची आणि नव्या कंपनीच्या खांबावर आत आल्याची. घाईत हे हमखास विसरतं. शिवाय नुसतं कार्ड टेकवलं की तुम्ही दुसऱ्या वर्गाचे प्रवासी. पहिल्या वर्गात बसायची हौस असेल तर तिकीट वेगळं काढा.

घरबसल्या वेबसाइटवर काढताना

फॉर्म पोस्टाचा पिनकोड मागतो आणि पुढे सरकत नाही, ही जुनी तक्रार. अमेरिकेत, कॅनडात आणि ब्रिटनमध्ये कार्डाचा पत्ता बँकेकडच्या पत्त्याशी ताडून पाहायची पद्धत आहे. त्यात घरक्रमांकाचे आणि पिनकोडचे आकडेच जुळवतात. परदेशी बँका अनेकदा या पडताळणीत नसतात, म्हणून खरा पत्ता खरा असूनही जुळत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोकार्ड विकणाऱ्या मशीनवर परदेशी प्रवाशांनी ९९९९९ टाकायचं अशी अधिकृत सूचनाच होती. वेबसाइटवर असा आकडा ठोकून देऊ नका, तिथे देशाचं नाव आधी बदलून बघा. पुष्कळदा देश बदलला की पिनकोडचा चौकोन नाहीसा होतो.

ओटीपीनंतर पान गोठलं तर पुन्हा ‘पैसे भरा’ दाबण्याआधी मेल आणि बँकेचं ॲप दोन्ही बघा. वन्संनी एकदा न बघता तिसऱ्यांदा दाबलं आणि एकाच गाडीची सहा तिकिटं घरात आली. रक्कम नुसती अडकवून ठेवलेली दिसत असेल आणि तिकीट आलं नसेल, तर ती काही दिवसांत आपोआप सुटते. तिकिटं खरोखरच दोनदा निघाली असतील तर परतावा मागावा लागतो. त्यात एक मेख असते. परतावा त्या दिवसाच्या विनिमय दरानं येतो आणि बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क बहुधा परत मिळत नाही. गेले तेवढेच परत येत नाहीत.

तिकीट स्टेशनवरच्या मशीनमधून छापून घ्यायचं असेल तर सोबत काय लागेल ते खरेदी करतानाच वाचा. ब्रिटनमध्ये बहुतेक मशीनना आठ अक्षरी कोड आणि कुठलंही एक कार्ड पुरतं. इतर ठिकाणी ज्या कार्डानं पैसे भरले तेच मागू शकतात. म्हणून ॲपमध्ये तयार केलेल्या, प्लास्टिक नसलेल्या कार्डानं अशी तिकिटं काढू नका. चीनच्या रेल्वेच्या १२३०६ या अधिकृत ॲपवर तिकीट पासपोर्ट नंबराशी बांधलेलं असतं, छापायचा प्रश्नच नाही. गाड्या साधारण १५ दिवस आधी खुल्या होतात. परदेशी कार्ड थेट चाललं नाही तर अलीपे या पैसे भरायच्या चिनी ॲपमध्ये ते आधी जोडून मग पैसे भरता येतात, पण एका वेळी २०० युआनच्या वर गेलं की ३ टक्के जादा.

मशीनचा गोड प्रश्न

तिकीट निघायच्या अगदी आधी पडद्यावर विचारलं जातं: पैसे तुमच्या चलनात देणार की इथल्या? तुमच्या चलनातली रक्कम समोर दिसते, ओळखीची वाटते, मोठ्या बटणावर असते. ते बटण दाबू नका. तो दर मशीनकडच्या मंडळींनी आपला नफा धरून लावलेला असतो. तिथलंच चलन निवडा, युरो असेल तर युरो, पौंड असेल तर पौंड. मग रूपांतर नेटवर्कच्या दरानं होतं आणि त्यावर तुमच्या बँकेचं शुल्क लागतं. ते बऱ्याच कार्डांवर २ ते ३.५ टक्के असतं, काहींवर अजिबात नसतं. आपल्या कार्डाचं किती ते माहीत असू द्या. आपलं चलन निवडलं म्हणजे हे शुल्क वाचलं असंही समजू नका, काही बँका व्यवहार परदेशात झाला म्हणून तरीही आकारतात. खिडकीवरच्या माणसानं न विचारताच तुमचं चलन निवडलं तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. निवड तुमचीच असली पाहिजे, हा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही नियम आहे.

सगळंच फसलं आणि गाडी समोर उभी असेल तर? नकाराचा, मशीनच्या नंबराचा फोटो काढा, पण त्या फोटोच्या भरवशावर गाडीत जाऊन बसू नका. चढण्याआधी फलाटावर कंडक्टरला गाठून सांगा. काही देशांत तो आत तिकीट देतो, काहींत दंडच करतो, आणि तपासनीस आल्यावर सांगितलेली गोष्ट खरी असली तरी सबबच वाटते. तिथल्या चलनात दोन माणसांच्या भाड्याइतक्या नोटा मी नेहमी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवते. थोडी नाणीही, कारण छोट्या स्टेशनांवरची काही मशीनं नोटा घेत नाहीत.

परतल्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहाराची कळ विमानतळावरच बंद करायची घाई करू नका. टेकवून केलेल्या प्रवासाचे पैसे मागाहून येतात आणि कळ बंद असली की बँक ते नाकारते, तुमचं कार्ड तिकडच्या यादीत जातं आणि पुढच्या खेपेला दार उघडत नाही. साधारण दहा दिवस थांबा, स्टेटमेंट बघा, एखाद्या दिवशी भाडं भलतंच जास्त दिसलं तर बाहेर पडताना टेकवायचं राहिलं का ते आठवून त्यांच्या वेबसाइटवर परतावा मागा, आणि मग कळ बंद करा. आमच्याकडे दहाव्या दिवशी वन्संचा फोन येतो. कळ बंद केलीस का, हे विचारतात, आणि टेकवण्याची कुठली ते मुद्दाम वेगळं विचारतात.